सत्यमची साक्ष

नांदेड,
गुरुवार

प्रिय शांत्या,

सलाम. पास्टर, ब्रदर, देवाचा अभिषिक्त सेवक, असं जे काही तुझ्या फ्लेक्सवर छापलेलं असतं त्यातलं मी काहीएक लिहिणार नाही. एम.ए.ला माझ्या शेजारच्या बाकावर बसून माझ्याच डब्यातली शेंगाची चटणी संपवणारा शांतवन अजून तुझ्यात शिल्लक असला, तर हे पत्र त्याला आहे. फोन करता आला असता. पण फोनवर माझा आवाज जरा चढला की तू लगेच "सिस्टर, आपण प्रार्थना करू या" म्हणून चालू होतोस, आणि प्रार्थना चालू असताना मधेच माणसाला शिव्या देता येत नाहीत. पत्रात तुला मधे बोलता येणार नाही. म्हणून बसले लिहायला. अक्षर वाकडंतिकडं आलं तर समजून घे, रागातच लिहून राहिले मी. लातूरला जाणाऱ्या माणसाच्या हाती आजच देते, म्हणजे उद्या तुला मिळेल.

माझा धाकटा भाऊ सत्यम. चाकूरला मोटार वाइंडिंगचं दुकान आहे त्याचं. तुझ्यापुढं इतकी माणसं येतात की तुला चेहरे आठवत नसतील, म्हणून ओळख सांगते. दिवाळीनंतर लातूरला, औसा रोडवरच्या मंगल कार्यालयात तुझी मुक्तिसभा झाली, तिथं स्टेजवर चढून ज्यानं हातात माईक घेऊन साक्ष दिली, "माझी मनाच्या आजाराची गोळी आजपासून सुटली, येशूनं मला मोकळं केलं" असं जो रडत रडत म्हणाला, तो सत्यम. त्या दिवसापासून त्यानं गोळीला हात लावलेला नाही. आणि आता तो मरणाच्या गोष्टी करून राहिला. हे मी आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं सगळं वाचताना ते तुझ्या डोक्यातून जाणार नाही.

साक्ष म्हणजे आपल्या लोकांत काय असतं, ते तुला सांगायला नको. देवानं माझ्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. आमचे पप्पा रविवारी साक्ष द्यायला उभे राहणार असले की शनिवारी आईशी झालेलं भांडण मिटवायचे, उसनी आणलेली शिडी परत करून यायचे, शेजारच्या किशनरावांना टोचून बोललेलं असलं तर जाऊन माफी मागायचे. साक्ष देणाऱ्याच्या तोंडात लबाडी राहता कामा नये म्हणायचे. आम्ही भावंडं हसायचो त्यांना. सत्यम मात्र हसायचा नाही. लहानपणापासून तो असाच, एकदा तोंडातून शब्द गेला की जीव गेला तरी फिरवणार नाही. नाव सत्यम ठेवलं ते पप्पांनी उगं ठेवलं नव्हतं.

त्याचा आजार तुला ठाऊक होता, शांत्या. लग्नाच्या आधीपासूनचा. कधी असा चढायचा की झोप नाही, जेवण नाही, अख्ख्या गावाच्या मोटारी मीच दुरुस्त करीन म्हणायचा, आणि मग असा उतरायचा की आंघोळीलाही उठवत नव्हतं. नांदेडच्या डॉक्टरांनी लिथियम चालू केलं. रक्त तपासून, मात्रा मोजून, बारकाईनं. मी त्याला समजावून सांगितलं होतं, अरे, हा जमिनीतून निघणाऱ्या मिठाचाच एक प्रकार आहे, कुण्या माणसानं बनवलेला नाही, तुझ्या देवानंच मातीत ठेवलेला आहे. त्यावर तो हसून म्हणाला होता, "वाइंडिंग जळलं म्हणून मोटारीला कुणी पापी म्हणतंय का अक्का? तार बदलायची आन् चालू करायची." बघ, मानसशास्त्राच्या प्राध्यापिकेला ऐकवलं त्यानं! आणि मग खरंच चालू झाला. दुकान लागलं, सिंधुशी लग्न झालं, रविवारी चर्चमधे ढोलक वाजवायला लागला. गोळी घेताना ग्लास वर धरून "आमेन" म्हणायचा, सिंधु चिडायची त्याच्यावर. इतका चांगला होता तो.

आता तुझ्या सभेचं बोलू. व्हिडिओ मी पूर्ण पाहिला, रागानं दोनदा बंद केला आणि परत लावला. "मनाचे तीन मजले" म्हणे! वरच्या मजल्यावर जागं मन, मधल्या मजल्यावर आठवणी, आणि तळघरात दडलेलं मन, आणि त्या तळघरात सैतानानं बिऱ्हाड केलंय, गोळी म्हणजे त्या भाडेकरूला रोजचा चहा. लोक टाळ्या वाजवून राहिले होते. शांत्या, अरे, ते तळघर तुला कुणी शिकवलं? व्हिएन्नाच्या त्या दाढीवाल्याचं आहे ते, तो तर देवालाच मानत नव्हता! त्याचं तळघर उचलायचं, त्यात आपला सैतान नेऊन बसवायचा, आणि वरून मानसशास्त्र म्हणजे जगाचं खोटं ज्ञान म्हणून शिव्याही द्यायच्या. वरून कीर्तन, आतून तमाशा. अडाण्यानं केलं असतं तर मी सोडून दिलं असतं. तू विद्यापीठात दुसरा आला होतास. तुला आजार म्हणजे काय ते ठाऊक आहे, पाप म्हणजे काय ते ठाऊक आहे, आणि दोन्हींतला फरक तर तू मला शिकवला आहेस.

आणि ती टोपली! प्रभुभोजनाच्या भाकरीला असते तसली वेताची टोपली पुढं ठेवून, "ज्याचा विश्वास आहे त्यानं आपली गोळी इथं टाकावी." बायाबापड्या येऊन टाकत होत्या. बीपीच्या, शुगरच्या, फिटच्या. एक म्हातारी पिशवीच उलटी करून गेली. माझा सत्यम खिशातून स्ट्रिप काढतो, क्षणभर बघतो आणि टाकतो. तो क्षण मी थांबवून बघितला. तू त्याच्या खांद्यावर हात ठेवला होतास. तुझा चेहरा मात्र कॅमेऱ्याकडं होता.

एक सांग मला. बायबलातल्या त्या कबरांमधे राहणाऱ्या, साखळदंड तोडणाऱ्या, दगडांनी स्वतःला ठेचून घेणाऱ्या त्या माणसाला प्रभूनं बरं केलं, त्यानंतर काय झालं? तो शुद्धीवर येऊन, कपडे घालून गपगार बसला होता. मी तुझ्याबरोबर येतो म्हणून हातापाया पडला. प्रभूनं त्याला बरोबर घेतलं नाही. गावोगाव फिरवून, बघा मी याला कसा बरा केला म्हणून दाखवलं नाही. घरी जा म्हणाला. तुझ्या माणसांत जा. तू माझ्या भावाला घरी का नाही पाठवलास रे? त्याच्या हातात माईक कशाला दिलास?

तुला आपला सेमिनार आठवतो का? आठवत असणारच. "मानसशास्त्रातला माणूस आणि पवित्र शास्त्रातला माणूस" असा विषय घेतला होतास आणि वर्गात खसखस पिकली होती. घंटा वाजवून कुत्र्याच्या तोंडाला पाणी आणणाऱ्या त्या रशियन माणसावर बोलताना तूच म्हणालास, चर्चची घंटा वाजली की माझ्याही तोंडाला पाणी सुटतं, कारण उपासनेनंतर सुकन्याच्या घरी खारी असते. सगळा वर्ग हसला. मग तू गंभीर झालास. म्हणालास, या माणसाला कुत्र्याइतकाच माणूस दिसला, त्या दाढीवाल्याला तळघराइतकाच दिसला, आणि माणूस मुळात निर्मळ आहे, त्याला फक्त विनाअट स्वीकारा असं सांगणाऱ्या अमेरिकनाला कृपा अर्धी कळली, पाप कळलंच नाही. मी उठून भांडले होते तुझ्याशी. अर्धी कृपा मिळालेला पेशंटसुद्धा बरा होतो, मी पाहिलंय म्हणाले होते. तू हटला नाहीस. म्हणालास, माणूस मातीचा आहे आणि त्यात श्वास देवाचा आहे. मातीचा अभ्यास करणारा लहान नाही आणि श्वासाची गोष्ट सांगणारा वेडा नाही. नुसती माती बघणारा चुकतो, आणि नुसता श्वास बघणारा त्याहून जास्त चुकतो, कारण तो माणसाला उपाशी मारतो. हे तुझे शब्द आहेत. गुरुबसप्पा सर कपाळाच्या भस्माला हात लावत म्हणाले, "मन कुठं असतंय ते अजून कुणाला घावलं न्हाई. दुखतंय मातर समद्यांचं." आणि तुला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क दिले. मग आता कुठं गेली ती माती? तुझ्या स्टेजवर माणसात मातीच शिल्लक राहिलेली नाही, सगळा श्वासच श्वास. फुग्यासारखी माणसं करून सोडायला लागलास तू.

आणि त्या सेमिनारच्या आधीचं विसरलास का? तू परीक्षेच्या वर्षी गोदावरीच्या घाटावर जाऊन बसायचास. बोलत नव्हतास. अंगठ्यानं बोटांची पेरं मोजत बसायचास, एक झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं, आणि पाण्याकडं बघायचास. मला भीती वाटायची. मी एकटीनं तुला रिक्षात घालून सरांच्या घरी नेलं. तुला वाटलं होतं, सर आता समुपदेशन करणार. सरांनी काहीच केलं नाही. सरांच्या बायकोनं, शिवगंगाकाकूंनी, धपाटे आणि दही वाढलं, समोरच्या खोलीत गोधडी टाकली, आणि पोरं गोंधळ घालायला लागली की "हळू रे, त्यो निजलाय" म्हणत राहिल्या. दुसऱ्या दिवशी परत जेवायला घातलं, परत निजवलं. मग कुठं सर तुला त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. तिथं काय झालं ते तू मला कधी सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. पण पंधरवड्यानं तू मला एलीयाची गोष्ट सांगितलीस. राणीच्या धाकानं रानात पळालेला, आता मरण येऊ दे म्हणून झुडपाखाली आडवा झालेला एवढा मोठा संदेष्टा, आणि देवानं त्याला उपदेश केला नाही, त्याचा विश्वास तपासला नाही. झोपू दिलं, देवदूताच्या हातून निखाऱ्यावरची भाकर दिली, पाणी दिलं, परत झोपू दिलं. बोलणं नंतर. तू म्हणालास, सुकन्या, एका लिंगायत बाईनं मला देवदूत दाखवला. तुझे डोळे भरले होते. तुझी आई त्या वेळी मला सून सून म्हणायची. जाऊ दे ते.

आता सत्यमचं ऐक. सभेनंतर सुरुवातीला तो इतका खुशीत होता की आम्हीच खुळ्यात निघालो. सिंधु म्हणाली, अक्का, पहाटे उठून गाणी म्हणतेत, दुकान झाडून काढतेत. मी ओळखते ना त्याचं चढणं. मी गोळीचं विचारलं, तर म्हणाला, "अक्का, तू पुस्तकं शिकवितीस, मी अनुभव सांगालोय." मग झोप गेली. मग चाकूरच्या बस स्टँडवर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून साक्ष सांगायला लागला. लोक व्हिडिओ काढायचे. तुझ्या लोकांनी त्यातला एक व्हिडिओ "देवाचं सामर्थ्य" म्हणून पुढं पाठवला! आजाराला सामर्थ्य म्हणून नाचवलंत तुम्ही! मग जे व्हायचं तेच झालं. पडला. असा पडला की याआधी कधीच नाही. अर्धं शटर ओढून दुकानात बसतो. दाढी वाढली. ढोलकाला हात लावत नाही. म्हणतो, देवानं मला मोकळं केलं होतं, माझ्याच मनात शंका आली म्हणून त्यानं हात काढून घेतला. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ना, ते आता रोज बघून राहिलो आम्ही.

मी गेले. जवळ बसले. गोळी हातावर ठेवली. मला वाटलं होतं, वाद घालील. वाद घातला नाही. अगदी शांतपणे म्हणाला, "अक्का, मी माईकवर सांगितलंय सुटली म्हणून. हजार माणसांनी ऐकलंय. आता खाल्ली तर ती साक्ष खोटी पडती. खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा हाय. मी देवाला लबाड पाडू का?" काय उत्तर द्यायचं रे याला? माझ्याकडं सगळ्या थिअऱ्या आहेत. चुकीचे विचार ओळखा, पुरावा तपासा, दुसरा विचार ठेवून बघा, मी वर्गात हेच शिकवते. इथं तर पोराचा विचार चुकीचा नाही. पप्पांकडून जे शिकला ते त्यानं खरंच धरून ठेवलंय. लबाड माणूस असता तर रात्रीच गोळी खाऊन मोकळा झाला असता. खरा आहे म्हणून अडकलाय.

आमच्या चर्चच्या म्हाताऱ्या पाळकसाहेबांनी समजावलं, घे बाबा गोळी, देव रागवत नाही. तर त्यांना म्हणाला, साक्ष तुमच्यापुढं न्हाई दिली मी, पास्टर शांतवनापुढं दिली. माझ्या कॉलेजातल्या एका विद्वानानं वेगळाच सल्ला दिला, आधी त्याचं चर्च बंद करा, धर्म हाच आजार आहे म्हणाला. मी त्याच्यावरही असाच जाळ काढला, तुला वाटू नये की सगळा राग तुझ्याच वाट्याला आलाय. ढोलक आणि गाणी काढून घेतली तर सत्यममधे उरलं काय? त्याच्या मते श्वास नाहीच, तुझ्या मते माती नाहीच, आणि तुमच्या दोघांच्या मधे माझा भाऊ चेंगरून चाललाय.

परवा सिंधुचा फोन आला. रडत होती, नीट बोलता येईना. "अक्का, तुमी या. हे काईबी बोलून राहिले. म्हणतेत, गोळी न खाता गेलो तर साक्ष खरीच राहती ना गं." शांत्या, हे वाक्य परत वाच. मोठ्यानं वाच. तुझ्या माईकवर वाच. ज्याला तू मुक्त केलंस त्याला सुटकेचा आता हा एक रस्ता दिसतोय. त्या वाक्यापासून सिंधु त्याला एकटं सोडत नाही, शेजारच्या बाया आळीपाळीनं बसतात, आणि मी उद्या सकाळीच चाकूर गाठते.

कालच मी नांदेडच्या डॉक्टरांकडं जाऊन आले. ते म्हणाले, थांबू नका, लगेच घेऊन या, भरती करावं लागेल, वेळ पडली तर त्याची मर्जी नसतानाही. ते मी करणार आहे. तुझ्या परवानगीवर माझ्या भावाचा जीव मी ठेवलेला नाही, असं समजू नकोस. दवाखान्यात खाट शनिवारीच रिकामी होतेय, म्हणून त्या दिवशीची गाडी ठरवली आहे, चार माणसं लावून उचलून न्यावं लागलं तरी नेईन. तो वाचेल. पण मग दवाखान्यात जबरदस्तीनं गोळी गेलेला सत्यम जन्मभर स्वतःला खोटा साक्षीदार म्हणत जगेल, आणि घरी आल्यावर पहिली संधी मिळाली की परत सोडेल. औषध आम्ही त्याच्या पोटात घालू शकतो, त्याच्या मनाला ते कबूल करवणं माझ्या हातात नाही. ते तुझ्या हातात आहे. फार राग येतो मला हे लिहिताना, पण खरं ते खरं.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते लिहिते. काल त्या दवाखान्यात मी आत बोलावण्याची वाट बघत भिंतीकडच्या बाकावर बसले होते. गर्दी होती. कंपाउंडरनं "मारोती" म्हणून हाक मारली. कुणी उठेना. परत मारली. तेव्हा कोपऱ्यातला एक माणूस दचकून उठला, स्वतःचंच नाव विसरल्यासारखा. डोक्याला टोपी, तोंडाला रुमाल, उन्हात सगळेच बांधतात तसा. मी लक्षही दिलं नसतं. पण तो उठायच्या आधी मी त्याचा हात पाहिला होता. अंगठ्यानं बोटांची पेरं मोजत बसला होता. एक झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं. लातुरात ओळखतील म्हणून नांदेडला येतोस ना? मी जिन्यात जाऊन उभी राहिले आणि आधी इतकी संतापले की तुझा रुमाल तिथंच ओढावा वाटलं. मारोती! पास्टरला दुसरं नाव सुचलं नाही! टोपली पुढं धरली होतीस तेव्हा तुझ्या खिशात तुझी स्ट्रिप होती का रे? मग रडले. कारण मला बरं वाटलं होतं, शांत्या. तू गोळी घेतोस, तू घाटावर बसलेला नाहीस, तू जिवंत आहेस, याचं मला खरंच फार बरं वाटलं. तुला कसला आजार आहे, कसली गोळी आहे, मी विचारणार नाही आणि कुणाला सांगणारही नाही. सिंधुलाही नाही. ती साक्ष तुझी आहे, मी दिली तर ती चुगली होईल. पण शनिवारी सकाळी, आमची गाडी निघायच्या आधी, चाकूरला ये. माईक नको, कॅमेरा नको, मागं पुढं पोरं नकोत. आल्या आल्या प्रार्थनाही नको. सत्यमच्या दुकानात त्याच्याजवळ स्टुलावर बस, सिंधु भाकरी वाढेल ती दोघं खा, आणि मग तुझी गोळी खिशातून काढ आणि त्याच्या देखत, त्याच्याच लोट्यातल्या पाण्यानं गीळ. मग सत्यम त्याची घेईल, कारण तुझी साक्ष तो खरी मानतो. त्याच्यानंतर हवी तेवढी प्रार्थना कर, मीही डोळे मिटून बसेन. रुमाल बांधू नकोस. मारोती म्हणून येऊ नकोस, शांतवन म्हणून ये.

तुझीच,
अजून रागातच असलेली,
सुकन्या